अक्कलदाढ आणि रस्त्याकडचा गाळा

हरेश्वर मोकलांचा हिशेब सरळ होता. जमेच्या बाजूला रस्त्याकडचा गाळा, खर्चाच्या बाजूला एक अक्कलदाढ. दाढ असून नसल्यासारखीच. पेरूची बी अडकवून ठेवण्यापलीकडे तिने जन्मात काही काम केलं नव्हतं. गाळा मात्र असा, की कोकणात उतरणारी प्रत्येक गाडी त्याच्या दारावरून जाणार आणि मुंबईकडून येणारं प्रत्येक मंडळ आधी त्याच्यासमोर ब्रेक मारणार. दाढेशिवाय आणखी एक गोष्ट द्यायची होती. यापुढे आयुष्यात रंगाच्या ब्रशाला हात लावणार नाही, असं लिहून द्यायचं होतं. ही अट हरेश्वरांनी पुन्हा पुन्हा वाचली आणि दर वेळी त्यांना हसू आवरेना. कारण त्यांनी चोवीस वर्षांत ब्रशाला हात लावलेलाच नव्हता.

ही गोष्ट पेणमध्ये कुणाला ठाऊक नव्हती. त्यांच्या मूर्तींच्या कारखान्याच्या पाटीवर लिहिलेलं होतं, 'येथे गणपतीच्या डोळ्यांची आखणी स्वतः हरेश्वर मोकल करतात.' त्यातला 'स्वतः' लाल रंगात होता.

गाळ्यांची भानगड अशी. २०४४ साली पेण आणि आसपासच्या गावांतले मूर्तींचे कारखाने उचलून महामार्गालगतच्या 'स्वच्छ हवा संकुला'त न्यायचं ठरलं. तिथे प्रत्येक गाळ्याच्या छताला वाफ शोषून घेणारे पाइप, बिनविषारी रंग, हात धुवायला वेगळी मोरी. पुढच्या रांगेत, रस्त्याच्या तोंडावर, मोजके गाळे; बाकीचे सगळे मागे, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून. पुढचे कुणाला द्यायचे? सोडत काढली असती तर लोकांनी नशिबाला शिव्या दिल्या असत्या. ओळखीवर दिले असते तर ओळखीच्यांना दिल्या असत्या. संकुलाच्या समितीने गाळे दातांवर दिले, त्यामुळे शिव्या द्यायला कुणी उरलंच नाही.

दात हिरडीत जिथे रुतलेला असतो, तिथे त्याच्या मुळावर सिमेंटसारखा पातळ थर चढत असतो. दर वर्षी एक, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखा, आणि तो मरेपर्यंत चढत राहतो. त्या वर्षी माणसाच्या रक्तातून जे काही फिरलं, त्याचा अंश त्या थरात अडकतो. शिसं अडकतं, कॅडमियम अडकतं. थिनरसारखी उडून जाणारी द्रावणं अडकत नाहीत, पण जाता जाता तिथल्या प्रथिनांवर खूण करून जातात. ही खूण वाचणारं यंत्र दोन वर्षांपूर्वी निघालं. केसाहून बारीक लेसरने ते एकेक थर जाळायचं आणि निघालेली वाफ हुंगायचं. कोणत्या साली या माणसाच्या पोटात, छातीत काय काय गेलं, ते कागदावर उतरायचं. त्यावरून गुण ठरायचे, शंभरापैकी. ज्या घरातल्या कामगाराच्या अंगात विष जास्त, त्या घराला पुढचा गाळा. आणि त्या कामगाराला रंगकामातून कायमची सुट्टी, म्हणजे आणखी विष चढायला नको.

पेणमध्ये त्या माघात अक्कलदाढा पडल्या तेवढ्या पूर्वी कधी पडल्या नसतील. अर्धं गाव गाल धरून फिरत होतं. ज्यांच्या अक्कलदाढा आधीच गेल्या होत्या ते हळहळत होते.

हरेश्वरांना शंभरापैकी निदान ऐंशी गुणांची खात्री होती. जन्म कारखान्यात गेला होता. बसण्याची जागा दाराशी, पंख्याखाली, ऑर्डरी घ्यायच्या खुर्चीत होती हे खरं, पण हवा काय भिंती बघून थांबते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

*

मोकलांच्या गणपतीचे डोळे हा काय प्रकार होता, हे इथे सांगायला हवं. गणपतीचं अंग आता प्रिंटरवर निघत असे. अंगाचा रंग यंत्राचा हात फवारत असे. माणसाच्या हातचं एकच काम उरलं होतं, आखणी; म्हणजे भुवया, पापण्या आणि बुबुळं. यंत्रालाही डोळे काढता येत, अगदी मापात. पण त्या मूर्तीपुढे हात जोडले जात नसत. गिऱ्हाईक म्हणे, हा आपल्याकडे बघत नाहीये, आपल्याला स्कॅन करतोय. त्यामुळे ज्याची आखणी चांगली त्याचा कारखाना चांगला, आणि मोकलांची आखणी नामांकित होती. त्यांचा गणपती दुपारचं जेवण नुकतंच झालेल्या, कुणावर काही राग नसलेल्या माणसासारखा बघायचा.

ही नजर मूळची हरेश्वरांच्या वडिलांची, आबांची. तिची दोन गुपितं होती. एक, सफेदा, शिशाचा जुना पांढरा रंग. त्याच्यावर कधीच बंदी आली होती, पण आबांनी वेळेवर डबे भरून ठेवले होते. त्या पांढऱ्याला ओल्या डोळ्याची चमक यायची. दुसरं, ब्रशाचं टोक पाण्यात नाही, ओठांत धरून ओलं करायचं. थुंकी लागल्याशिवाय नजर येत नाही, असं आबा म्हणत. आणि ब्रश ओठांत जायचा म्हणून आखणी चालू असताना बोलायचं नाही, हा घराचा नियम.

मग आबांच्या उजव्या अंगठ्याखालचं मांस झिजायला लागलं. आधी ब्रश निसटला, मग चहाचा कप, मग शर्टाची बटणं त्यांना लावता येईनात. वाताची तेलं चोळून झाली. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी मोटर न्यूरॉन डिसीज असं नाव सांगितलं, आणि नावापलीकडे त्यांच्याकडेही विशेष काही नव्हतं. आबांची बुद्धी शाबूत होती, डोळे शाबूत होते. हात मात्र त्यांचा राहिला नाही.

हंगाम तोंडावर होता आणि हरेश्वरांना डोळे जमेनात. तेव्हा त्यांच्या बायकोने, सुलभाने, ब्रश उचलला. आबांनी खाटेवरून तोंडी सांगायचं, तिने काढायचं. तिसऱ्या दिवशी आबा सांगायचे थांबले, कारण सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण मंडळांना वडिलांनंतर मुलाचा हात हवा असतो, सुनेचा नाही. म्हणून हरेश्वरांनी एका हंगामापुरतं स्वतःचं नाव लावलं. तो हंगाम चोवीस वर्षं चालला.

सुलभाने तक्रार केली नाही. खरं तर तिला करता येत नव्हती. वर्षातले बरेच महिने तिच्या तोंडात ब्रश असे. हरेश्वर लोकांना कौतुकाने सांगत, आमच्या घरात कधी वाद म्हणून नाही.

*

निकालाची यादी संकुलाच्या फाटकावर लावली गेली. हरेश्वर मोकल, बावीस गुण. त्यांच्या खाली एकच नाव होतं, संकुलासमोरच्या चहावाल्याचं. त्याने हौसेने दाढ देऊन ठेवली होती.

हरेश्वर तडक तपासणी केंद्रात गेले. सुलभालाही बरोबर नेलं, कारण अन्याय झाला की साक्षीला कुणीतरी लागतं. तिथल्या डॉक्टर ईशा वर्तक वयाने लहान आणि स्वभावाने शांत होत्या. त्यांनी पडद्यावर दाढेचा काप दाखवला. तरुणपणी थोडं शिसं होतं, ते चोवीस वर्षांपूर्वी एकदम थांबलं होतं. त्या साली तुम्ही काम सोडलंत का, असं त्यांनी साधेपणाने विचारलं. हरेश्वरांना खोकला आला.

डॉक्टरांनी पुढचं वाचलं. शिसं थांबलंय, पण कॅडमियम मात्र एकाही वर्षी चुकलेलं नाही, म्हणजे तंबाखू बऱ्यापैकी दिसतेय. मुलीच्या बारशाला हरेश्वरांनी सुलभाच्या देखत तंबाखूची डबी खाडीत फेकली होती. मुलगी आता नोकरीला लागली होती. सुलभा पडद्याकडे बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, "दुसरी डबी कुठे असते?"

गावात दुसऱ्याच गोष्टीची चर्चा होती. चोवीस वर्षं रंगाला हात न लावता हा माणूस डोळे काढतो कसा? हरेश्वरांनी सांगून पाहिलं की आखणी करताना मी श्वास रोखून धरतो. शेजारचे कारखानदार चिंतामण समेळ म्हणाले की मग गणपती कशाला विकता, योगवर्ग काढा.

एकच वाट उरली होती. नियमाप्रमाणे घरातल्या दुसऱ्या कामगाराचा दात देता येत होता. हरेश्वरांनी नवा हिशेब मांडला. सुलभाची दाढ द्यायची, गाळा घ्यायचा, ती ब्रश सोडते असं लिहून द्यायचं आणि मग घरी, स्वयंपाकघराचं दार लावून, तिने पूर्वीसारखी आखणी करायची. ब्रश खरंच सोडला ना, हे बघायला दर सहा महिन्यांनी नखं तपासणार होते, नखांतही शिसं उतरतं. नखं कापता येतील, असं हरेश्वरांनी फोनवर डॉक्टरांना सुचवून पाहिलं. नखं पुन्हा वाढतात, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्या संध्याकाळी हरेश्वरांनी सुलभासाठी गरम बटाटेवडे आणले, स्वतः बशीत काढून दिले, आणि दाढेचा विषय काढला. सुलभाने वडा संपवला.

"इतकं गोड बोललात," ती म्हणाली, "मला वाटलं किडनी मागताय."

दाढ द्यायला ती तयार झाली. गाळ्याचं मला काही नाही, आत काय साठलंय ते एकदा बघायचंय, एवढंच कारण तिने सांगितलं.

*

सुलभाच्या दाढेचा काप पडद्यावर आला तेव्हा डॉक्टर वर्तकांनी खुर्ची पुढे ओढली. वलयं इतकी स्वच्छ होती की मोजायला यंत्र नको होतं. प्रत्येक वर्षाची एक काळी रेघ आणि तिच्या शेजारी एक फिकट पट्टा. काळी रेघ म्हणजे हंगाम, फिकट पट्टा म्हणजे गणपती गेल्यानंतरचे महिने. एक रेघ अगदी बारीक होती. ते मुलीच्या बाळंतपणाचं वर्ष असेल, असं डॉक्टरांनी ओळखलं. सुलभाने मान हलवली. त्या साली सातच गणपती केले होते, ती म्हणाली.

तिने काढलेले सगळे डोळे पाण्यात गेले होते. दर वर्षी, वाजतगाजत. फोटोखाली नाव नवऱ्याचं. तिच्या हातचं म्हणून दाखवायला जगात काही नव्हतं, आणि इथे एकेक हंगाम ओळीने उभा होता. सुलभा त्या रेघा बघत बसली. हरेश्वर गुणांचा आकडा बघत होते. नव्वदच्या वर होता.

मग डॉक्टरांनी आजाराचं सांगितलं. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी असतात. त्या एकेक करून मरायला लागल्या की स्नायूंना हुकूम मिळत नाही, आणि बिनहुकमाचा स्नायू वाळत जातो. हा आजार कशामुळे होतो ते बहुतेक वेळा सांगता येत नाही. काहींच्या रक्तातच असतो. पण शिसं, काही द्रावणं, काही कीटकनाशकं वर्षानुवर्षं अंगात गेली तर शक्यता वाढते. तुमची सुमारे दुपटीहून थोडी जास्त वाढलेली आहे.

'दुपटीहून जास्त' ऐकताच हरेश्वर उठून उभे राहिले. गाळा त्यांच्या डोक्यातून निघून गेला. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी सुलभाचा उजवा हात सगळ्यांसमोर धरला, पालथा केला, उताणा केला आणि अंगठ्याखालचं मांस चाचपायला लागले. ते चांगलं भरलेलं होतं. तरी ते चाचपत राहिले.

डॉक्टरांनी त्यांना बसवलं. म्हणाल्या, आरतीला हजार माणसं उभी आहेत असं समजा. ज्यांचा रंगाशी संबंध नाही, अशा हजारांत जन्मभरात तिघांना हा आजार होतो. तुमच्यासारखं काम केलेल्या हजार बायका उभ्या केल्या तर सात जणींना होईल.

"म्हणजे नऊशे त्र्याण्णव जणी प्रसाद घेऊन घरी," सुलभा म्हणाली.

हो, डॉक्टर म्हणाल्या. आणि त्या सातांतल्या तिघींना तसाही झाला असता. फक्त कोणती बाई कुठे उभी आहे, ते हे यंत्र सांगू शकत नाही. साठलेलं काढता येणार नाही, पण आजपासून नवीन घालणं थांबलं तर शक्यता वाढायची थांबते, कदाचित सावकाश थोडी उतरतेही. उतरली की नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

घरी येताना रिक्षात हरेश्वरांनी तिसरा हिशेब मांडला. गाळा मिळणार, पण त्यासाठी सुलभाचा ब्रश जाणार. चोरून आखणी हा बेत आता त्यांना स्वतःलाच सोसवेना. ब्रश ओठांकडे जाताना दिसला की आबांची खाट दिसणार होती. आणि सुलभा नाही तर डोळे नाहीत, डोळे नाहीत तर रस्त्याकडच्या गाळ्यात ठेवायचं काय, आंधळे गणपती? तेव्हा गाळा सोडून द्यावा, ब्रशही सोडावा, प्रिंटर विकावा आणि आंब्याचा व्यवसाय बघावा, असं त्यांनी जाहीर केलं.

सुलभा रिक्षातून उतरली, चप्पल काढली, पाय धुतले आणि पडवीत बसली. आयुष्यात तिला एकच काम असं जमलं होतं, की जे तिच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. ते सोडायचं की हजारातल्या सातांत उभं राहायचं, एवढाच तिच्यापुढचा प्रश्न होता, आणि यात आंबे कुठेच बसत नव्हते. चहा होईपर्यंत ती गप्प होती. हरेश्वरांना वाटलं, नेहमीचंच मौन आहे.

"गाळा घ्यायचा," ती म्हणाली. "कागदावर नाव माझं. दाराशी खुर्चीही माझी. आखणी तुम्ही करायची."

"मला जमत नाही, सुलभा."

"पाटीवर तर जमतं असं लिहिलंय. लाल अक्षरात." तिने कप खाली ठेवला. "मी चोवीस वर्षं तोंडात ब्रश धरलाय. आता थोडं बोलते."

*

आबांचा सफेदा घातक कचऱ्याच्या गाडीत गेला. अक्षय्यतृतीयेला गाळ्याचं कुलूप सुलभा हरेश्वर मोकल या नावाने उघडलं गेलं. पाटीचं काय करायचं, हा पेच होता. सुलभाने पाटी तशीच ठेवायला सांगितली. आता ती खरी आहे, ती म्हणाली.

हरेश्वर गाळ्याच्या आत बसले. तोंडाला मास्क, नाकावर दोन नंबरांचा चष्मा, हातात ब्रश, शेजारी पाण्याची वाटी. बिनविषारी रंग लवकर वाळायचा आणि ब्रशाचं टोक ओठ न लागल्यामुळे फाकायचं. पहिल्या गणपतीचं डावं बुबुळ उजव्यापेक्षा मोठं झालं. ते बरोबर करायला उजवं वाढवलं, मग ते मोठं झालं. असं करता करता दोन्ही डोळे इतके मोठे झाले, की पापण्या कुठे काढायच्या हा प्रश्न पडला.

सुलभा दाराशी खुर्चीत बसली आणि बोलू लागली. आधी मंडळांशी, मग शेजाऱ्यांशी, मग वाऱ्याने आत येणाऱ्या धुळीशी. ती चांगलं बोलायची, हे गावाला नव्याने कळलं. ऑर्डर देताना मंडळांचे लोक मूर्तीबरोबर तिचे चार शब्द ऐकायलाही थांबू लागले. राहिलेलं बोलणं हरेश्वरांच्या वाट्याला यायचं. बुबुळ खाली गेलंय, पापणी जाड झालीय, चोवीस वर्षांपूर्वी दिवाळीला तुम्ही मला काय म्हणाला होतात. मास्क असल्याने हरेश्वरांना उत्तर देता येत नसे. मास्क काढून उत्तर द्यायला गेलं तर छतावरचा पाइप अलार्म द्यायचा.

एकदा मात्र हरेश्वरांनी मान वर केली तर खुर्चीत बोलणं थांबलेलं होतं. टेबलावर चहा सांडला होता, आणि सुलभा त्या चहात बोटाने डोळे काढत होती. एकच जोडी. मग तिने पदराने टेबल पुसलं आणि समोरून आलेल्या गिऱ्हाइकाला हसून या म्हणाली. हरेश्वरांनी मान खाली घातली. त्या दिवशी त्यांनी तंबाखूची दुसरी डबीही घातक कचऱ्याच्या गाडीत टाकली, आणि कुणाला सांगितलं नाही.

*

कसोटी आली ती पनवेलच्या मंडळाच्या रूपाने. मंडळ जुनं, मूर्ती सगळ्यांत उंच, आणि तिथे काय होतं त्यावर बाकीची मंडळं पुढच्या वर्षीच्या ऑर्डरी ठरवत. सेक्रेटरी घरत हे सडसडीत, चिकित्सक गृहस्थ. त्यांनी पडदा सारून मूर्ती बघितली. मग चष्मा पुसून बघितली. मग बाजूला जाऊन बघितली. मूर्तीची नजर त्यांच्या मागे मागे आली.

हे डोळे मोकलांचे नव्हेत, घरत म्हणाले. चोवीस वर्षं आम्ही तुमच्याकडून मूर्ती नेतोय, आमच्या बाप्पाकडे बघितलं की माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. हा तर आमच्याकडे असा बघतोय, की आम्ही काहीतरी लपवलंय. खरं सांगा, आधी कोण काढत होतं? त्याच्याकडून करून घ्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो.

सुलभाच्या उजव्या हाताची तीन बोटं नकळत ब्रश धरल्यासारखी जुळली होती. एकच मूर्ती. दाढेत एका जोडीने असा काय फरक पडणार होता? हजारातल्या साताचे काही आठ होणार नव्हते. नखांतही कदाचित दिसलं नसतं. आता रंगात शिसं उरलं नव्हतं, आड होता तो तिने लिहून दिलेला कागद. हे सगळं हरेश्वरांच्या डोक्यातून फिरून गेलं, कारण असले हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप सुटत. रंगाचा दोष सांगावा, चष्म्याचा सांगावा, हेही सुचलं. त्यांनी मास्क काढला. छतावरचा अलार्म वाजायला लागला, तो त्यांनी वाजू दिला.

"आधीचे डोळे हिचे," ते म्हणाले. "सगळेच्या सगळे. मी नुसता दाराशी बसून नाव लावत होतो."

घरत सुलभाकडे वळले. मग वहिनी, एवढ्या एकाचं तुम्हीच करा ना, ते हात जोडून म्हणाले.

"ती करणार नाही," हरेश्वर म्हणाले. "आबांचा चहाचा कप मी धरत होतो, घरतसाहेब. तिचा धरायची माझी तयारी आहे, पण वेळ आणायची नाही. मूर्ती न्यायची नसेल तर नका नेऊ."

सुलभा खुर्चीतून उठली. मूर्तीसमोर जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. बोटं सुटी झाली.

"माझं मी ठरवलंय, तुम्ही ठरवू नका," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि उजवं बुबुळ पुसा. तांदळाएवढं वर घ्या. मास्क लावा आधी."

हरेश्वरांनी पुसलं आणि पुन्हा काढलं. नजर तशीच राहिली. फक्त आधी एकट्या घरतांवर होती, ती आता सगळ्या गाळ्यावर पसरली. चतुर्थी तोंडावर होती. दुसरी मूर्ती मिळणार नव्हती. घरत ती घेऊन गेले, पण टेम्पोत मूर्तीकडे पाठ करून बसले.

*

आता शेवटची बेरीज.

पनवेलमध्ये त्या वर्षी अघटित झालं. लोक दर्शनाला येत, बाप्पाशी नजरानजर होई, आणि काहीतरी आठवून चुळबुळत. एकाने भावाच्या जमिनीचा दावा मागे घेतला. एका नगरसेवकाने दर्शनाला आल्यावर कधीच पूर्ण न झालेल्या गटाराचा विषय स्वतःहून काढला. मंडळाच्या दानपेटीने उच्चांक केला, आणि विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी घरतांचा फोन आला, पुढच्या वर्षी हेच डोळे हवेत. मागोमाग बाकीच्या मंडळांचेही आले. दोन हंगामांत मोकलांचा 'बघणारा गणपती' गोव्यापर्यंत गेला.

या व्यवहारात हरेश्वरांना रस्त्याकडचा गाळा हवा होता, तो मिळाला. त्यांना फक्त त्यातला रस्ता दिसत नाही. ते आत बसतात, साठीला टेकलेले, पाठीला पट्टा लावून, आणि खरोखरच स्वतः आखणी करतात. सोडता येत नाही, कारण असे डोळे दुसऱ्या कुणाला जमत नाहीत. कष्ट त्यांनी भरले. पनवेलकरांनी लाज भरली. चहावाल्याने एक दाढ भरली आणि त्याबदल्यात त्याला काहीच मिळालं नाही, पण तो समाधानी आहे.

सुलभाची नखं दर सहा महिन्यांनी तपासली जातात आणि स्वच्छ येतात. ती सातांतून बाहेर पडली, की आधीपासूनच बाहेर होती, की अजून आत उभी आहे, हे डॉक्टर वर्तकांना ठाऊक नाही. न झालेल्या आजाराची पावती कुठलं यंत्र देत नाही. पण किंमत रोख भरावी लागते, आणि ती तिने भरली. जेवून उठलेल्या, कुणावर राग नसलेल्या त्या डोळ्यांचा गणपती आता कुठेच मिळत नाही. मिळत नाही याची तक्रार घेऊनही घरतांनंतर कुणी आलेलं नाही. तिनेच एकदा, हंगाम संपल्यावर, रिकाम्या गाळ्यात सहज विचारलं, "आठवतात का हो तुम्हाला माझे?"

हरेश्वर ब्रश धूत होते. हो म्हणाले. मग खरंच आठवतात का ते बघायला त्यांनी डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत.